पाणी न पिण्याचे व्रत आणि बायकांचे हसणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विरारहून रोज फोर्टात नोकरीला येणाऱ्या एका तरुण लेखिकेने ‘पाणी न पिण्याचे व्रत’ नावाचा विनोदी लेख लिहिला आहे. दिवसभर घराबाहेर राहणाऱ्या बाईला मुंबईत जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही, हा त्याचा विषय. घाट मात्र श्रावणातल्या कहाणीचा. लेख कचेरीत वाचायला दिला तेव्हा पुरुष सहकाऱ्यांनी ‘फर्मास जमलाय’ म्हणून शाबासकी दिली आणि दोघी मैत्रिणींनी ‘इतक्या त्रासाच्या गोष्टीची चेष्टा कशाला करतेस’ म्हणून नाके मुरडली. तेव्हा तिचे विचारणे असे की, विनोदाने निषेध होतो की निषेधाची धार जाते, मराठीत बायकांनी पूर्वी असे काही केले आहे का, आणि या लेखाचे आता काय करावे. मी गेली तीसेक वर्षे विनोदी लेखन करते आणि दिवाळी अंकांसाठी इतरांचे विनोदी लेखन तपासण्याचे कामही करते, त्यामुळे उत्तर थोडे ऐसपैस होईल.

आधी त्या शाबासकीविषयी. ते हसले याचे मला काही वाटत नाही. हसावे म्हणूनच तुम्ही लेख लिहिला. पण हसून झाल्यावर त्यांच्यापैकी एकालाही, आपण दिवसातून चार वेळा कोपऱ्यावरच्या मुतारीत फुकट जाऊन येतो, हे आठवले नाही. याचा अर्थ लेखातला चिमटा त्यांना बसलाच नाही, तो दुसऱ्याच कोणाला तरी बसला. कोणाला बसला ते मी शेवटी सांगते. मैत्रिणींचे म्हणणे मात्र मला मुळातच मान्य नाही. त्रासाच्या गोष्टीवर हसू नये हा नियम आपल्याकडच्या बायकांनी कधीच पाळलेला नाही. किंबहुना बिनत्रासाच्या गोष्टींवर त्यांना फार वेळ हसताना मी पाहिलेले नाही.

परंपरेचे विचाराल तर सुरुवात छापील पुस्तकांपासून करू नये, ती भोंडल्यापासून करावी. आश्विनात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत ‘श्रीकांता कमलकांता असं कसं झालं, असं कसं वेडं माझ्या नशिबी आलं’ हे गाणे तुम्हीही लहानपणी म्हटले असेल. वेड्याची बायको लाडू करते आणि हा ‘चेंडू चेंडू’ म्हणून ते खेळायला घेतो. ती करंज्या करते आणि हा ‘होड्या होड्या’ म्हणून त्या पाण्यात सोडतो. अशी एकामागून एक कडवी होत होत शेवटच्या कडव्यात ती बाई झोपलेली असते. वेडा येतो, निरखून पाहतो आणि ‘मेली मेली’ म्हणून तिला जाळून टाकतो. पाच वर्षांच्या मुलीपासून आजीपर्यंत सगळ्या इथे खळखळून हसतात आणि लगेच खिरापत ओळखायला बसतात. माझ्या वयाची पन्नाशी उलटेपर्यंत या कडव्यात काय आहे हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. एका वर्षी डोंबिवलीत, आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर, नुकतीच सासरहून परत आलेली एक मुलगी त्या कडव्याला फेरातून बाहेर पडली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने जिन्यात जाऊन उभी राहिली, तेव्हा ते मला पहिल्यांदा ऐकू आले.

कारागिरीच्या नजरेने पाहा. लाडू, करंज्या आणि बायको या तिन्हींसाठी गाण्यात वाक्य एकच आहे. चाल बदलत नाही, आवाज चढत नाही, कोणी ‘हाय रे दैवा’ म्हणत नाही. वाक्य तसेच ठेवले आणि त्यातली वस्तू तेवढी बदलली, बस. ज्या बायांनी हे रचले त्यांना अलंकारशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण बायकांच्या उपहासाची जी मुख्य रीत मला पुढे दीडशे वर्षांच्या छापील मजकुरातही सापडत गेली, ती या फेरात तयारच होती: समोरच्याचे वाक्य जसेच्या तसे उचलायचे आणि त्यातला कर्ता किंवा कर्म बदलायचे.

याच्या शेजारी एकनाथांचे ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ हे भारूड ठेवून पाहावे. तिथेही बाई सासऱ्यापासून दादल्यापर्यंत सगळ्यांची वासलात लावायला देवीला साकडे घालते आणि लोक पोट धरून हसतात. पण ते रूपक आहे. सासरची माणसे म्हणजे मनाचे विकार, आणि शेवटी ‘एकटीच राहू दे मला’ हे मागणे वैराग्याचे. हशा बाईच्या तोंडून येतो, दुखणे मात्र बाईचे नाही. (भारूड ऐकणाऱ्या बायका रूपकापर्यंत पोचत असतील आणि मगच हसत असतील, असे मला मुळीच वाटत नाही.)

छापील मजकुरात पहिले नाव मी मुक्ता साळवे हिचे घेते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये आला. तो दुःखाचा निबंध म्हणून वाचला जातो आणि आहेही; पण त्यातली तर्काची खोच पाहा. वेद ही आमचीच मत्ता, असे ब्राह्मण म्हणतात. ठीक आहे, मग आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही हे उघडच झाले, आणि पुस्तक नाही म्हणजे धर्मही नाही, तर हे देवा, आमचा धर्म कोणता तो तरी कळव. ती वाद घालत नाही, समोरच्याचे म्हणणे मान्य करते आणि ते मान्य केल्यावर कुठे जाऊन पोचते एवढेच दाखवते. चौदाव्या वर्षी हे साधणे सोपे नाही. मला चाळिशीतही ते एकदोनदाच साधले.

आणि मग ताराबाई शिंदे. त्यांच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात ती शिक्षा कमी झाली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर जे तोंडसुख घ्यायला सुरुवात केली होती ते काही कमी झाले नाही. ‘पुणेवैभव’ पत्रातल्या अशाच मजकुराने संतापून बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली पुण्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. पुस्तकाचे पूर्ण नावच पाहा: ‘स्त्रीपुरुषतुलना अथवा स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हे स्पष्ट करून दाखविण्याकरितां हा निबंध’. हा सगळा शास्त्रार्थाचा, पंडिती वादाचा थाट आहे. स्त्री ही संशयाचा भोवरा, साहसाचे आगर, कपटाची पेटी, असे जे आरोप सुभाषितांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जात होते, ते एकेक करून त्या हातात घेतात आणि प्रत्येकाला विचारतात की हा गुण पुरुषांत नाही काय, आणि असल्यास किती पट अधिक आहे. नवरा मेल्यावर बाईचे केस भादरतात, तर बायको मेल्यावर तुम्ही दाढीमिशा भादरून जन्मभर रानात जाऊन का बसत नाही, हा त्यांचा सवाल आजही वाचणाऱ्याच्या हनुवटीवर वस्तरा ठेवल्यासारखा वाटतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ताराबाईंचा राग कुठेही लपलेला नाही. त्यांची भाषा घरगुती आहे, शिव्याशाप देणारी आहे, वाक्य संपता संपत नाही. तरीही ते पुस्तक रडगाणे झाले नाही, कारण त्या प्रत्येक ठिकाणी नियम समोरच्याचाच वापरतात. विधवेचा धर्म तुम्हीच लिहिला ना, मग तोच विधुराला लावून पाहू. मैत्रिणींनी विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे चेष्टेने त्रास हलका होतो का याचे, माझ्यापुरते उत्तर या पुस्तकात आहे. चेष्टा त्रासाची नाहीच, त्रास देणाऱ्या नियमाची आहे, आणि नियमाची चेष्टा करायची सर्वांत चांगली रीत म्हणजे तो नियम अक्षरशः आणि सर्वांना सारखा लावणे.

किंमतही सांगितली पाहिजे. त्या पुस्तकावर इतका गहजब झाला की जोतीरावांना ‘सत्सार’ या आपल्या पत्रिकेतून ताराबाईंची पाठराखण करावी लागली, आणि ती टीका स्वतःच्या सत्यशोधक मंडळींकडूनही झाली होती. ताराबाईंनी नंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही. हेही जवळजवळ विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा कुठे ते आमच्या पिढीच्या हाती पडले. मधली ९३ वर्षे मराठीतले विनोदी लेखन भरभराटीला आले, आणि त्यात बायको हा विनोदाचा विषय होता.

पुढचे थोडे भराभर सांगते. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘बायकांचे बंड’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि गिरिजाबाई केळकरांनी १९१३ साली ‘पुरुषांचे बंड’ लिहून त्याला उत्तर दिले. गिरिजाबाईंची भूमिका आजच्या अर्थाने बंडखोर नव्हती, पण नुसते शीर्षक पाहिले तरी तीच जुनी रीत दिसते: शब्द त्यांचेच, कर्ता बदललेला. याच गिरिजाबाई १९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. तिकडे बंगालच्या बेगम रोकैया यांनी १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट लिहिली, तिच्यात बायका राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात, ‘मर्दान्या’त बसलेले असतात. जनान्याचे सगळे नियम जसेच्या तसे, माणसे तेवढी उलटी. दोघींनी एकमेकींचे काही वाचले असण्याची शक्यता नाही. दुखणे एकच असले की औषधही सारखेच सुचते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची (१९३४ ते १९३६) जात निराळी आहे. वडिलांचे सोवळ्याचे वेड, हातात पैसा टिकू न देणारा आणि केव्हा उठून निघून जाईल याचा नेम नसलेला नवरा, या सगळ्यांकडे त्या इतक्या मायेने हसून पाहतात की त्याला उपहास म्हणायला जीभ धजत नाही. पण तुमच्यासारख्या लेखिकेने ते पुस्तक याच कामासाठी पुन्हा वाचावे, कारण सोवळ्याचे हास्यास्पद रूप दाखवताना त्यांनी एकदाही ‘सोवळे वाईट’ असे म्हटल्यासारखे वाटत नाही. त्या फक्त काय काय केले जाई ते सांगत जातात. शकुंतला परांजपे यांचेही तसेच. केंब्रिजला गणित शिकलेली ही बाई र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार करीत होती, ज्या विषयाचा उच्चारही तेव्हा असभ्य होता, आणि त्याच वेळी खेळकर, तिरकस ललित लेख लिहीत होती. ‘माझी प्रेतयात्रा’ असे पुस्तकाचे नाव ठेवण्याइतकी स्वतःची टिंगल ज्या बाईला जमते, तिला लोकांच्या लाजेची भीती घालता येत नाही.

आता मुंबईची एक गोष्ट, जी मला सर्वांत प्रिय आहे. दिवाळी अंकातले जुने व्यंगचित्र डोळ्यांसमोर आणा: रात्री उशिरा दबकत घरी येणारा किडकिडीत नवरा, आणि दाराआड लाटणे उगारून उभी असलेली धिप्पाड बायको. लाटणे हे बायकोचे विनोदी हत्यार, अशी ती ठरलेली खूण होती. १९७२ साली, दुष्काळ आणि महागाईने लोक टेकीला आले असताना मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सोबतिणींनी अन्नधान्य भाववाढ प्रतिकार महिला समिती उभी केली, आणि मुंबईच्या रस्त्यांवर बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत निघाल्या. ज्या वस्तूवरून त्यांची वर्षानुवर्षे टिंगल झाली होती तीच वस्तू त्यांनी उचलली, आणि ती नवऱ्याकडे नव्हे तर मंत्रालयाकडे रोखली. (तेव्हा मंत्रालयाला सचिवालय म्हणत.) हा लेख नव्हता, पण मी याला उपहासच म्हणते, आणि अव्वल दर्जाचा म्हणते. त्याच मृणालताई, गोरेगावच्या पाण्यासाठी लढून ‘पाणीवाली बाई’ झालेल्या, १९७७ साली लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा सगळ्या मुंबईच्या तोंडी झाली. मोजून पाहा, दोन्ही बाजूंना शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत.

पण लाटणे परत जुन्या जागी कसे जाते तेही सांगते, कारण त्यात माझीच फजिती आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकासाठी रजेचा अर्ज लिहिला होता. ‘विषय : घरकामातून आठ दिवसांची वैद्यकीय रजा मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या घरात गेली १९ वर्षे कायम तत्त्वावर, परंतु विनावेतन कार्यरत असून, या कालावधीत माझी एकही अर्जित रजा मंजूर झालेली नाही,’ अशी सुरुवात. खाली, ‘सोबत : मिठाचा डबा कोणत्या फळीवर असतो याचा नकाशा, एक प्रत’. पहिल्या खर्ड्यात शेवटी ‘माझी किंमत तुम्हाला कधी कळणार?’ असे एक वाक्य होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या एका लेखिकेने ते वाचले, त्या वाक्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘अर्जात रडतात का ग?’ मी ते काढले. अर्ज शेवटपर्यंत अर्जच राहिला आणि बरा उतरला असे मला वाटले. अंक हातात आला तेव्हा वर शीर्षक होते ‘बायकोच्या लीला’, आणि अर्ध्या पानावर चित्र: टकलू नवरा, धिप्पाड बायको, लाटणे. अंक येताच तीनचार वाचकांची पत्रे आली, सगळी पुरुषांची, आणि सगळ्यांनी आपापल्या बायकोचे किस्से कळवले होते. माझा एक शब्दही बदललेला नव्हता, तरी लेख पूर्ण उलटा झाला होता. तेव्हापासून शीर्षक आणि चित्र पाहिल्याशिवाय मी मजकूर देत नाही. तुम्हीही देऊ नका. मानधनाच्या आधी हे विचारावे.

चळवळीतून आलेल्या लेखनात हा धोका कमी असतो, कारण तिथे प्रेक्षक समोर असतो आणि हसू भलत्याच ठिकाणी आले तर पुढच्या प्रयोगात ते दुरुस्त करता येते. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ साली उभे राहिले आणि त्याचे प्रयोग हजारोंच्या घरात गेले. नेपथ्याचा बोजा नाही, कार्यकर्त्या बायकाच नटी, लोककलांचा ढंग, आणि शीर्षकात तो ‘हो’, दवंडीतला. मुलगी झाली या वाक्याला समाजाने जो सुर लावून ठेवला आहे तो सुर ओळखीचा होता म्हणूनच वस्तीतल्या बाईला त्यावर हसता आले.

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) तुम्ही वाचले नसेल तर आधी ते वाचा. कोकणातल्या आईच्या बांबूच्या विणकामापासून मुंबईतल्या संसारापर्यंतची ही आत्मकथा जातीची अवहेलना सांगताना जितकी थेट आहे, तितकीच खट्याळ आहे, आणि ती खट्याळ नजर स्वतःच्या घरातल्या व चळवळीतल्या पुरुषांनाही सोडत नाही. मध्यमवर्गीय लेखिकांना, त्यांत मी आले, इथून एक कानउघाडणी करून घेण्यासारखी आहे. आमच्या विनोदाने नवऱ्याला, सासूला, बॉसला चिमटे काढले खरे, पण खात्रीचा हशा हवा असला की आम्ही वळायचो ते कामवाल्या बाईकडे. तिची भाषा, तिच्या दांड्या, तिने फोडलेले कप. माझ्याच पहिल्या पुस्तकात असे दोन लेख आहेत. नव्या आवृत्तीच्या वेळी ते मी वगळले, पण छापलेले पुसता येत नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, तेव्हा आमच्या एका कार्यक्रमात कोणीतरी ‘आता बाईला बोनसही द्यायचा का’ असा विनोद केला आणि सभागृहात सर्वांत मोठ्याने बायकाच हसल्या. स्वतःच्या विनावेतन कामावर रजेचा अर्ज लिहिणारी मीही त्या सभागृहात होते.

हे इतके लांबवर सांगितले, कारण तुमच्या लेखातला चिमटा नेमका इथेच गेला आहे. तुमच्या कहाणीत आटपाट नगर आहे, व्रत घेणारी नोकरदार बाई आहे, सकाळी ६ वाजता चहाचा अर्धा कप टाळणे हा पहिला नेम आहे, अकरा वाजता तिने विसरून घोटभर पाणी प्यायल्याबरोबर तिला लागणारा कोप आहे. इथवर कहाणी उत्तम आहे. मग ती बाई पैसे देऊन वापरायच्या शौचालयाशी येते आणि तिथे दाराशी बसलेल्या, सुट्या पैशांसाठी खेकसणाऱ्या बाईचे वर्णन तुम्ही पाऊण पानभर केले आहे: तिचे पान, तिचा आवाज, तिचे अंबाड्याचे फूल. तुमचे सहकारी हसले ते इथे. त्या बाईने दर ठरवलेला नाही, कुलूपही तिने लावलेले नाही, आणि तिच्या महिन्याच्या कमाईत तुमचे नि माझे दोन वेळचे रिक्षाभाडे निघणार नाही. तिला लेखातून काढू नका, तिला तिच्या जागी बसू द्या. पण हसू तिच्यावर थांबता कामा नये. ते तिच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलेल्या फलकाकडे गेले पाहिजे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला त्याच कामाचे पैसे, हीच तक्रार घेऊन मुंबईतल्या संघटनांनी २०११च्या सुमारास ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, ही मोहीम सुरू केली. त्या नावाचा गुण मला असा वाटतो की ते बैठकीत मोठ्याने उच्चारताना साहेबांना अडखळावे लागते, आणि बाईला ते रोज मनातल्या मनात उच्चारावे लागतेच. तुमच्या कहाणीत हा फलक आहे, पण एका ओळीत. त्याला ते पाऊण पान द्या. नियम अक्षरशः लिहा, कारण सांगू नका.

दुसरी दुरुस्ती शेवटच्या परिच्छेदाची. ‘ही परिस्थिती कधी बदलणार? प्रशासनाने याकडे गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे,’ इथे कहाणी सांगणारी बाई उठून गेली आणि तिच्या जागी निवेदन देणारे शिष्टमंडळ येऊन बसले. अर्जात रडत नाहीत, तसे कहाणीत निवेदन देत नाहीत. हा परिच्छेद पुरा काढा. तसेच विभाग अधिकाऱ्याला तुम्ही आडनाव दिले आहे तेही काढा. बदनामीच्या दाव्याची भीती हे एक कारण आहेच, पण आडनाव दिले की ती एका माणसाची भानगड होते आणि खुर्ची नामानिराळी राहते, हे मोठे कारण.

तिसरी गोष्ट मला लेख दुसऱ्यांदा वाचताना सुचली. जुन्या कहाणीत वसा मागणाऱ्या बाईला आधी दटावतात, ‘तुला वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील,’ आणि ती म्हणते, ‘उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही.’ तुमच्या लेखात ही दोन्ही वाक्ये त्या नोकरदार बाईच्या वाट्याला आली आहेत आणि म्हणून ती फक्त गोड वाटतात. त्यांचे धनी बदलून पाहा. बाई अर्ज घेऊन खिडकीशी उभी आहे. वर्ष उलटले, फाईल याच टेबलावरून त्या टेबलावर गेली. ती विचारते, ‘साहेब, कसला वसा वसता?’ साहेब म्हणतात, ‘स्वच्छतागृह न बांधण्याचा.’ ती म्हणते, ‘उताल, माताल, घेतला वसा टाकून द्याल.’ साहेब टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून पितात, तोंड पुसतात, आणि हात जोडून सांगतात की उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही. एवढे लिहून पुन्हा पाठवा, आणि या खेपेला आधी त्या दोघी मैत्रिणींना वाचायला द्या.